लाल तोंडाचा देव आणि तांदळातलं नाव

वहिनी, आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू अशी मधूनच उठून जाणारी नव्हतीस. ताटातलं संपल्याशिवाय उठायचं नाही म्हणून सगळ्या घराला दटावणारी तू, आणि मालिकेचे शेवटचे दोन भाग शिल्लक असताना गुरुवारी सकाळी फुलांची परडी देवापुढं तशीच ठेवून गेलीस. रडून झालं माझं. आता राग आलाय, आणि तो काढायला हक्काचं माणूस तूच होतीस, म्हणून तुझ्याशीच बोलते.

लोक भेटायला येतात. सतरंजीवर बसतात, पाणी पितात, म्हणतात, "सोज्वळ बाई हो. देवाधर्माची." मी मान हलवते. मनात म्हणते, यांना काय ठाऊक. या सोज्वळ बाईला दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की चिनी गुंड लागायचे. हाँगकाँगच्या कुठल्या टोळीत कोण पोलिसांनी पेरलेला आणि पोलिसांत कोण टोळीनं पेरलेला, हे ती वाती वळता वळता सांगायची. हे बोलले असते तर आलेल्या बायकांनी पाण्याचे पेले खाली ठेवले असते.

मुळात तो टीव्ही तुझ्या लेकानं, प्रशांतनं, पुण्याहून आणला तो तुला कीर्तनं ऐकता यावीत म्हणून. तू रिमोटचं भलतंच बटण दाबलंस आणि समोर एक मासळीबाजार आला. एक माणूस मासे साफ करतोय, दुसरा गिऱ्हाईक होऊन उभा आहे, आणि बोलता बोलता कळतं की मासे कापणारा पोलीस आहे. कितीतरी वर्षं खोट्या नावानं त्या टोळीत राहतोय. मी रिमोट घ्यायला हात पुढं केला तर तू म्हणालीस, "थांब की. बंद करू नको. ह्याचं काय होतं बघू." तेव्हापासून धारवाडहून बसनं हुबळीला येणारी तुझी नणंद, जिनं जन्मभर शाळेत मुलांना चांगलं वाचा, चांगलं बघा म्हणून सांगितलं, ती दर रविवारी तुझ्याशेजारी दिवाणावर बसून सुरामारी बघायला लागली. अण्णा समोरच्या आरामखुर्चीत. आठवडाभर दुर्गदबैल बाजारातल्या दुकानात खिळे आणि बिजागऱ्या विकून दमलेला माझा भाऊ, तुझा नवरा, पडद्यावर नावं दिसायच्या आत डोळे मिटायचा.

खाली इंग्रजी ओळी यायच्या. तुझं इंग्रजी सावकाश, म्हणून मी त्या मराठीत मोठ्यानं सांगायची. "साहेब विचारतोय, काल कुठं होतास. हा म्हणतोय, मावशीकडं." दोन मिनिटं तू ऐकून घ्यायचीस आणि मग म्हणायचीस, "वन्सं, वाचू नका. तोंड बघा त्याचं." एरवी मी मालू आणि तू, तू चिडलीस की मी वन्सं आणि तुम्ही. मला चीड यायची. एवढं भाषांतर करून देतेय फुकट, आणि वर ऐकून घ्या. पण तोंड बघून तू जे ओळखायचीस ते माझ्या ओळींत कधीच नसायचं. फितूर कोण हे तू पहिल्या अर्ध्या तासात सांगायचीस. मी विचारलं, कसं कळतं गं तुला? तू म्हणालीस, "जो फार बोलतो त्याला सोडून द्यायचं. कोपऱ्यात झोपलेला दिसतो ना, त्याच्यावर डोळा ठेवायचा."

बंदुका सुरू झाल्या की तू दूध तापवायला उठायचीस. "संपली का धडाधड?" असं स्वयंपाकघरातून विचारायचीस आणि परत येऊन पहिला प्रश्न, "जेवले का ते?" तुला त्यातली जेवणं आवडायची. टोळीचा म्होरक्या गोल टेबलाशी बसलाय, स्वतःच्या हातानं माशाचा चांगला तुकडा उचलून त्या पेरलेल्या पोराच्या वाटीत घालतोय, आणि तू पदरानं डोळे पुसतेयस. "आता हा कसा उलटेल गं? त्याच्या हातचं खाल्लंय ह्यानं." मी म्हणायची, अगं तो खुनी आहे, आणि ह्याचं कर्तव्य आहे. तू म्हणायचीस, "कर्तव्यानं पोट भरतं होय?"

आणि तो तुझा लाल तोंडाचा देव. लांब दाढीचा, हातात परशूसारखं काहीतरी घेतलेला. पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात त्याच्यापुढं उदबत्त्या, आणि टोळीच्या अड्ड्यातही त्याच्याचपुढं उदबत्त्या. तू एकदम सरळ बसलीस. "मालू, दोघांचा देव एकच की! मग तो ऐकतो कुणाचं?" मी म्हटलं, ज्याचा पक्ष खरा त्याचं. तू हसलीस. "त्याला दोन्हीकडची पोरं सारखीच. त्याला सगळं ठाऊक असतं बघ, कोण कुठून आलंय ते. तो फक्त कुणाला सांगत नाही." त्यानंतर तो पडद्यावर दिसला की तू बसल्या जागेवरून हात जोडायचीस. मी चेष्टा करायची, आणि तू जोडायचीसच.

एका सिनेमात एक माणूस पकडला गेला तो मोजताना. दक्षिणेकडचा म्हणून राहिला होता, भाषा चोख, पण पेट्या मोजताना तोंडातल्या तोंडात आपल्या गावच्या बोलीत पुटपुटला आणि शेजारच्यानं ऐकलं. मी म्हटलं, काय मूर्ख. तू हळूच म्हणालीस, "मी अजून निऱ्या कन्नडात मोजते. वंदु, येरडु, मूरु. तुझ्या आईच्या लक्षात नाही आलं कधी."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तू बघतेयस काय.

मी शाळेत होते तेव्हा तू कलघटगीहून आलीस. आपली जात एक, कुळधर्म एक, फक्त तुमच्या घरात कन्नड आणि आमच्या घरात मराठी. त्यात नवल काही नव्हतं, धारवाड-हुबळीत अशी लग्नं किती झाली. अण्णानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं. सुलभा. आईनं ठरवलेलं. तुझं माहेरचं तुंगा हे नाव तिला नदीकाठच्या म्हातारीचं वाटायचं. पेढे वाटले, सगळ्यांनी ताटात डोकावून वाचलं, आणि मग ते तांदूळ स्वयंपाकघरात गेले. आईचा दुसरा नियम तुला त्याच आठवड्यात कळला: बाजारात काय हवी ती भाषा बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. तुला मराठी शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मागच्या पडवीत तुरीची डाळ निवडत मी तुझे "ती आला" आणि "तो आली" सुधारायची, आणि मला भारी मजा यायची, माझ्याहून मोठी विद्यार्थिनी म्हणून. थोड्या महिन्यांत तू अशी तयार झालीस की आई आल्यागेल्याला विचारायची, "आमची सून कलघटगीची वाटते का सांगा." तू पोह्यांच्या बशा घेऊन उभी असायचीस, गालात हसत.

हे तू मला निऱ्यांचं बोललीस त्याच दिवशी परत सांगितलंस, पडद्यावरच्या कुणा पोराचं प्रशिक्षण चाललं होतं तेव्हा. "ही तू बघ. डाळ निवडताना अशीच दटावायचीस. आणि आईंनी पाहुण्यांना विचारलं ना, त्या दिवशी मी पास झाले." तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. मी मुद्दाम शोधली, कारण मला तक्रारी शोधायची सवय आहे. तू ह्या घरात रमली होतीस, हे मी शपथेवर सांगेन. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला माझा हात चालायचा नाही, तुझाच लागायचा.

तरी दर रविवारी संध्याकाळी कलघटगीहून तुझ्या धाकट्या भावाचा, रंगप्पाचा फोन आला की तू मागच्या पायरीवर जाऊन बसायचीस. "तुंगक्का, हेंग इद्दी?" कशी आहेस, एवढं त्याचं मोठ्यानं ऐकू यायचं, आणि मग तुझा आवाज बदलायचा. सैल व्हायचा. हसणंसुद्धा वेगळं. मी एकदा पाणी प्यायला मागं आले आणि दारातच थांबले. मला वाटलं, ह्या बाईला मी ओळखत नाही.

रंगप्पा गेला त्यानंतरच्या रविवारी नेमका तसलाच सिनेमा लागला. पेरलेल्या पोराचं खरं नाव एकाच साहेबाला ठाऊक, आणि तो साहेबच मरतो. आता ह्या पोराला पोलीस म्हणणारं जगात कुणी नाही. मी बंद करायला उठले. तू म्हणालीस, असू दे. सिनेमा संपेपर्यंत बसलीस आणि मग म्हणालीस, "माझा साहेब गेला बघ, मालू. भाच्यांना मी नुसती अत्ती. आता तुंगा म्हणणारं कोण राहिलं?"

"मी आहे की," मी म्हटलं.

"म्हणून दाखव."

मी म्हटलं, "तुंगा." तू क्षणभर माझ्याकडं बघितलंस आणि खो-खो हसत सुटलीस. "हजेरी घेतीस काय शाळेत?" मलाही हसू आवरेना. अण्णाची खुर्ची करकरली तशी आपण तोंडावर हात धरले. मग डोळे पुसून तू म्हणालीस, "राहू दे. तू वहिनीच म्हण."

म्हणून तर शेवटचं भांडण मला सोडवत नाही. त्या रविवारच्या मालिकेत पेरलेल्या माणसाचं काम संपतं. नवे साहेब त्याला म्हणतात, चल, घरी चल, तुझं नाव परत घे. आणि तो म्हणतो, विचार करायला वेळ द्या. मी दिवाणावरून ओरडलेच, ह्यात विचार काय करायचाय? जन्मभर खोट्या नावानं कुजला, आता खरं मिळतंय तर घे की मेल्या. तू म्हणालीस, "त्या नावाच्या माणसाला आता ओळखतं कोण? आई गेली, भाऊ गेले. इथं त्याला हाका मारणारी माणसं आहेत."

"असतील. पण नाव खोटं ते खोटंच."

"वन्सं, ज्या नावाला मी जन्मभर ओ दिली ते खोटं कसं होईल?"

मी, म्हणालीस. तो, नाही. दोघींच्याही ते लक्षात आलं. मी आवाज खाली आणून विचारलं, "मग तुला कुठलं हवंय? दोन्हीतलं एकच घ्यायचं झालं तर?" तेवढ्यात अण्णानं डोळे न उघडताच चहा मागितला. तू उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "पुढच्या रविवारी सांगते."

आता सांग.

प्रशांतनं तुझा फोटो मोठा करून आणला. खाली छापलंय, कै. सुलभा. गुरुजी रोज संकल्पात सुलभाच म्हणायचे. प्रशांतला तुझं माहेरचं नाव ठाऊक आहे, फॉर्मवर भरलंय त्यानं कितीदा. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. मी रोज तिथं बसून ऐकायची आणि ओठांवर तुझं ते नाव यायचं. बोलले असते तर ते तुझं मागणं असतं की माझा हट्ट? आणि नाही बोलले तर कलघटगीची तुंगा नावाची मुलगी कुणी निरोपही न देता गेली असती. वहिनी, मी आयुष्यात इतके दिवस सलग गप्प कधी बसले नव्हते. प्रशांतनं मला दोनदा विचारलं, आत्या, बरं वाटत नाही का.

दहाव्याला बायकांनी जायचं नाही म्हणतात. मी गेले. मला अडवायला कुणी पुढं आलं नाही, माझं तोंडच तसं झालं असणार. तळ्याच्या काठावर पिंड मांडले. समोर चिंचेवर कावळे बसलेले, चांगले गलेलठ्ठ, आणि एक खाली यायला तयार नाही. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. प्रशांत हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना मी पुण्याला नेईन." कावळा ढिम्म. "बरं, नाही नेत, इथंच त्यांची सोय करीन." नाहीच. तुझ्या जावेनं दरवर्षी तुझ्या हातासारखं लोणचं घालायचं कबूल केलं, ते तर तुला नकोच असणार. ऊन चढायला लागलं. सगळे एकेक करून माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झाले. तोंड उघडलं, आणि मला आतूनच ऐकू आलं, आता जो आवाज निघणार तो हजेरीचा. मी मागं सरले.

तेव्हा अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठला. गुडघे धरत, कुणाचा हात न घेता. पिंडापाशी जाऊन वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बारे तुंगा. ऊटा माड."

ये गं तुंगा, जेव. बस्स, एवढंच. पण वहिनी, ते म्हणणं. माळ्यावरून जुनी वस्तू काढावी तसं नव्हतं ते. काल रात्रीही म्हटलेलं असावं, परवाही, तसं होतं. उंबऱ्याच्या आत ज्याच्या तोंडून मी जन्मात कधी कन्नड ऐकलं नाही, त्या माझ्या भावाचा आवाज मागच्या पायरीवरच्या तुझ्या आवाजासारखा सैल होता. कावळा आला म्हणे. प्रशांत सांगतो, लगेच आला. मी बघितलं नाही. मी अण्णाकडं बघत होते.

परत येताना गाडीत मी त्याला विचारलंच. "कधीपासून?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तांदळात आईनं सांगितलं ते लिहिलं. त्याच संध्याकाळी तिला विचारलं, मी तुला काय म्हणू. ती म्हणाली, माणसांत सुलभा म्हणा."

म्हणजे मलाही गंडवलंस की गं. माझा साहेब गेला म्हणून माझ्यासमोर डोळे ओले करत होतीस, आणि दुसरा साहेब समोर आरामखुर्चीत घोरत होता. घोरत होता की नव्हता देव जाणे. कोपऱ्यात झोपलेल्यावर डोळा ठेव म्हणून तूच तर शिकवलंस, आणि मी विद्यार्थिनी अशी मठ्ठ की जन्मभर त्याच खुर्चीसमोर बसून इंग्रजी ओळी वाचत राहिले. गाडीत मला हसू फुटलं. दहाव्याहून परतताना हसणारी बाई बघून प्रशांत घाबरला, मग मी रडायला लागले तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

तुझं उत्तर मला कळलं असं मी म्हणणार नाही. तू समोर असतीस तर मी अजून भांडले असते, की मग माझ्यापासून का लपवलंस, आणि तू म्हणाली असतीस, लपवलं कुठं, तुम्ही विचारलंत कधी. खरंच, मी नाव विचारलं, कोण हाक मारतं ते विचारलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, तू त्या पोरांसाठी रडतेस कारण तू त्यांच्यासारखी आहेस. तू रडायचीस कारण त्यांना घरी गेल्यावर हाक मारणारं कुणी नव्हतं, आणि तुला होतं. हे कळायला मला फार उशीर झाला, पण कळलं. त्या तांदळाच्या ताटाबद्दल माझ्या मनात जो राग साठला होता, तो आता पहिल्यासारखा राहिला नाही.

परवा रविवार होता. मी धारवाडहून नेहमीच्या बसनं गेले. आमटी तिखट झाली होती, दोघांनी मुकाट खाल्ली. मग मी दिवाणावर तुझी जागा सोडून बसले आणि शेवटचे दोन भाग लावले. अण्णानं डोळे मिटले. पडद्यावर तो माणूस साहेबांपुढं उभा राहिला, आता काय ते सांगायला. खाली ओळ आली. मी सवयीनं सुरुवात केली, "तो म्हणतोय की..."

"वाचू नको, मालू," अण्णा डोळे मिटूनच म्हणाला. "तोंड बघ त्याचं."